बाबांचा हार्ट रिस्क १८ टक्के आणि लोन रिजेक्ट: मॉडेलला एका माणसाबद्दल नेमकं किती कळतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे की काटोलकडे संत्र्याची बाग असलेल्या ५७ वर्षांच्या बाबांना नागपुरात चेकअपला आणलं, डॉक्टरांनी कम्प्युटरवर माहिती भरली आणि दहा वर्षांत हार्टअटॅक किंवा स्ट्रोकचा धोका १८ टक्के म्हणून सांगितलं, आणि त्याच महिन्यात पिकअप गाडीचं लोन "स्कोअर बसत नाही" म्हणून नाकारलं गेलं. आता मुलगा विचारून राहिला की ज्या मशीननं माझ्या बापाला कधी पाहिलं नाही ते त्याच्याबद्दल एवढं ठासून काऊन बोलते, आणि हे मनावर घ्यायचं की सोडून द्यायचं.

भाऊ, मी आधी बरीच वर्षं कर्जाच्या स्कोअरकार्डांवर काम केलं आणि आता हॉस्पिटलच्या डेटावर करतो, त्यामुळं दोन्हीकडचं सांगतो, जरा लांब होईल पण वाचा.

आधी त्या १८ चा अर्थ. वय, बीपी, कोलेस्टेरॉल, शुगर, सिगारेट असल्या आठदहा गोष्टींत तुमच्या बाबांसारखी दिसणारी १०० माणसं घेतली तर त्यातल्या अंदाजे १८ जणांना दहा वर्षांत अटॅक किंवा स्ट्रोक येईल आणि ८२ जणांना येणार नाही, एवढंच तो आकडा म्हणतो. तुमचे बाबा त्या १८ मधले की ८२ मधले हे त्याला माहीत नाही, आणि माहीत असल्याचा त्याचा दावाही नाही, तो दावा आपण ऐकताना आपल्या मनानं जोडतो. लोनच्या स्कोअरचंही तसंच, फक्त तिथं टक्केवारी दाखवत नाहीत, ३०० ते ९०० मधला एक आकडा दाखवतात आणि त्याच्या मागे "येत्या बारा किंवा चोवीस महिन्यांत हप्ता ९० दिवसांच्या वर थकण्याची शक्यता" लपलेली असते. गणित दोन्हीकडे बहुतेक वेळा एकच, लॉजिस्टिक रिग्रेशन किंवा त्याच्याच घरातलं काहीतरी. जुन्या माणसांचा डेटा घ्यायचा, कोणाला झालं कोणाला नाही ते बघायचं, आणि नवीन माणूस कोणासारखा दिसतो ते मोजायचं, यालाच मॉडेल म्हणतात. हार्टवाल्या स्कोअरची सुरुवात अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली झाली, ५,२०९ माणसं घेऊन वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, आणि बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट हे "रिस्क फॅक्टर" आहेत हे आज आपल्या गल्लीतला मेडिकलवालाही सांगतो ते मुळात तिथून आलं.

पण "सारखी दिसणारी माणसं" म्हणजे कोण, खरी गोम इथं आहे. तुमचे बाबा ५७ वर्षांचे पुरुष आहेत, शेतकरी आहेत, विदर्भातले आहेत, त्यांच्या वडिलांना कदाचित काही झालं असेल, उन्हात राबतात, आणि यातला कुठला गट धरायचा त्यावर आकडा बदलतो. जॉन व्हेन म्हणून इंग्लंडचा तर्कशास्त्री होता, त्यानं १८६६ मध्येच ही अडचण मांडली होती, आणि कम्प्युटर कितीही मोठा आणला तरी ती सुटलेली नाही. २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, इंग्लंडमधल्या ३६ लाख पेशंटच्या रेकॉर्डवर १९ वेगवेगळ्या पद्धती चालवून बघितल्या, काही जुन्या स्टॅटिस्टिक्सच्या आणि काही मशीन लर्निंगच्या, म्हणजे कम्प्युटर डेटातून स्वतःच नियम शोधतो त्या. सगळ्यांची एकूण कामगिरी जवळपास सारखी आली, म्हणजे परीक्षेत सगळे सारख्या मार्कांनी पास. पण एकेका माणसाचा आकडा काढला तर क्यूरिस्क-३ नावाचं तिकडचं नेहमीचं मॉडेल ज्याला साडेनऊ ते साडेदहा टक्के म्हणत होतं त्यालाच मशीन लर्निंगच्या दोन पद्धतींपैकी रँडम फॉरेस्टनं २.९ ते ९.२ दिले आणि न्यूरल नेटवर्कनं २.४ ते ७.२. याचं एक मोठं कारण असं की काही पद्धती मधेच डेटातून निघून गेलेल्या माणसांना "काही झालं नाही" म्हणून मोजत होत्या आणि त्यामुळं धोका कमी दाखवत होत्या, पण ते बाजूला ठेवलं तरी माणसामाणसाचे आकडे जुळत नव्हतेच. म्हणून मी पोरांना नेहमी सांगतो की मॉडेल किती चांगलं हा प्रश्न वेगळा आणि या माणसाचा आकडा किती पक्का हा प्रश्न वेगळा, पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवू नका. बाबांचे १८ हे दुसऱ्या कॅल्क्युलेटरवर १२ किंवा २४ आले तर दचकू नका. ३ मात्र सहसा येणार नाहीत, आणि आलेच तर कुठं माहिती चुकीची भरली गेली का ते आधी बघा.

मग हे वापरायचं तरी कशाला? कारण जो हजारो माणसांचा निर्णय घेतो त्याला याचा खरंच उपयोग आहे, आणि कर्जाच्या बाबतीत नेमकं इथंच सामान्य माणूस भरडला जातो. आकडे मांडून दाखवतो, हे समजण्यासाठी घेतलेले आकडे आहेत. समजा १०,००० अर्ज आले आणि त्यातले ३०० जण पुढे हप्ते थकवणार आहेत. मॉडेलनं सगळ्यात खालच्या स्कोअरची १,००० माणसं बाजूला काढली आणि त्यात त्या ३०० पैकी १२० सापडले. हे मॉडेल बरं आहे बरं का, त्या हजारात थकण्याचं प्रमाण १२ टक्के आहे, सरासरीच्या चौपट. पण उलट्या बाजूनं बघा, नाकारलेल्या १,००० मधले ८८० जण इमानदारीत पैसे फेडणारे होते. आता कंपनीचा हिशेब बघा, एका चांगल्या कर्जावर खर्च जाऊन ४ हजार सुटतात आणि एक कर्ज बुडालं की ६० हजार जातात असं धरा, तर त्या गटातल्या दर १०० माणसांमागे ८८ जणांकडून ३ लाख ५२ हजार येतील आणि १२ जणांमुळं ७ लाख २० हजार जातील. म्हणजे नाकारणंच फायद्याचं, तिथं बसलेल्या माणसाला तुमच्या बाबांशी काही वैर नाही. त्यांच्या दृष्टीनं निर्णय बरोबर आहे आणि तरी तुमचे बाबा बहुतेक त्या ८८० मधले असतील. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकते. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही की ते ८८० जण फेडणारे होते हे कंपनीला कधीच कळत नाही, कारण त्यांना कर्ज दिलंच नाही, त्यामुळं पुढचं मॉडेलही फक्त मंजूर झालेल्या लोकांवरच शिकते आणि जुना गैरसमज तसाच पुढे जातो. यावर "रिजेक्ट इन्फरन्स" नावाचे उपाय आहेत, म्हणजे नाकारलेल्यांनी पैसे फेडले असते का याचा हिशेब लावायचा, पण ते शेवटी अंदाजच. मला विचाराल तर थोड्या नाकारलेल्या लोकांना लहान रकमेचं कर्ज मुद्दाम देऊन बघणं हाच खरा उपाय आहे, आणि त्यासाठी कंपनीनं थोडा तोटा सोसायची तयारी ठेवावी लागते, ती फार कमी ठिकाणी दिसते.

आरोग्यात हेच गणित उलटं फिरते. तिथं "धोका आहे" म्हटलं आणि पुढे काही झालंच नाही तर नुकसान काय, कोलेस्टेरॉल कमी करणारी एक स्टॅटिनची गोळी रोज घेतली, थोडं मीठ कमी केलं, चालायला गेले. म्हणून इंग्लंडमध्ये दहा वर्षांचा धोका १० टक्के झाला की डॉक्टर गोळीचा विषय काढतात, अमेरिकेत तर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी ७.५ टक्क्यांपासूनच बोलणं सुरू करायला सांगितलं. दहातल्या नऊ जणांना काहीच होणार नाही हे माहीत असूनही. म्हणजे आकडा किती मोठा हे एकटं बघून चालत नाही, चुकलं तर किंमत कोण मोजणार हे बघा. लोनमध्ये चूक झाली तर ती तुमच्या बाबांच्या डोक्यावर बसते, हार्टच्या स्कोअरनं धोका उगाच जास्त दाखवला तर फारतर एक गोळी जास्त जाते. त्यामुळं १८ टक्के हा आकडा अंदाजे असला तरी मी तो मनावर घेईन, आणि लोनचा "नाही" हा बाबांच्या इमानदारीवरचा शेरा समजणार नाही.

आता आपल्या भागाचं बोलू, कारण हे बाहेरच्या लेखांत सापडत नाही. पहिली गोष्ट खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला. हे कॅल्क्युलेटर विचारतात सिगारेट ओढता का, किती ओढता, आधी ओढत होता का. खर्रा विचारतच नाहीत. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, कुठंही जा, सकाळपासून खर्रा घोटून तोंडात असलेला माणूस कॅल्क्युलेटरच्या लेखी "स्मोकिंग नाही" म्हणजे एकदम क्लीन. पण ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही हार्टअटॅकचं प्रमाण जास्त दिसलं होतं, आणि तोंडाच्या कॅन्सरचं तर वेगळं सांगायला नको. तेव्हा बाबा खर्रा खात असतील तर त्यांचे १८ हे खरे १८ नाहीत, वरच आहेत, किती वर ते मॉडेल सांगू शकत नाही कारण त्याला तो प्रश्नच माहीत नाही. डॉक्टरांना स्वतःहून सांगा. लाजू नका, ते ओळखूनच असतात.

दुसरी गोष्ट सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा, आईबापांकडून येणारा आजार. आपल्या विदर्भात सिकलसेल किती आहे हे सगळ्यांना माहीत आहे, केंद्र सरकारनं २०२३ मध्ये २०४७ पर्यंत तो संपवायचं मिशनही सुरू केलं. याचा रिस्क मॉडेलशी संबंध काय? शुगरची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी टेस्ट ही लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात या हिशेबावर उभी आहे. सिकलसेलच्या पेशंटच्या लाल पेशी फार लवकर मरतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, म्हणून आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो. नुसता वाहक असेल तरी काही लॅबच्या मशीनवर आकडा थोडा इकडचा तिकडे होऊ शकते. आता असा माणूस येतो, रिपोर्टमध्ये ५.४ दिसते, मॉडेल म्हणते शुगर नॉर्मल, आणि पुढचं सगळं गणित त्या एका आकड्यावर बिनबोभाट चालते. मॉडेलमध्ये काही बिघाड नसतो, त्याला खायलाच चुकीचं दिलेलं असते. घरात कोणाला सिकलसेल असेल तर उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर करायला सांगा, फक्त एचबीएवनसीवर थांबू नका.

आणि तुम्ही बाबांसोबत स्वतःचंही बघा, तुमच्या वयाच्या पोरांना हे मी हटकून सांगतो. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशननं २००५ मध्ये आपल्या लोकांच्या डेटावर एक साधा स्कोअर काढला, इंडियन डायबिटीस रिस्क स्कोअर, रक्त लागत नाही, टेप पुरतो. समजा नागपूरच्या मिहान प्रकल्पातल्या कंपनीत नोकरी करणारा ३३ वर्षांचा पोरगा आहे. वय ३५ च्या आत म्हणून ० गुण. कमरेचा घेर १०१ सेंटिमीटर, पुरुषाला १०० किंवा वर असला की २०. दिवसभर खुर्ची आणि व्यायाम काहीच नाही, ३०. आईला शुगर आहे, एका पालकाचे १०. झाले ६०, आणि ६० पासून वर हाय रिस्क. वयाचा एकही गुण न घेता तो तिथं पोचला. मला हे मॉडेल मनापासून आवडते, कारण त्यात लपवालपवी नाही, कुठला गुण कुठून आला हे समोर दिसते आणि शेवटी ते एवढंच सांगते की जाऊन ब्लड टेस्ट कर. शंभर प्रकारची माहिती मागत बसलेल्या मॉडेलपेक्षा गावच्या उपकेंद्रात आशाताईच्या हातात दिलं तर हे चार प्रश्नांचं मॉडेल जास्त लोकांचं भलं करू शकते असं माझं स्पष्ट मत आहे.

कुठला डेटा यापेक्षाही मोठी भानगड असते ती म्हणजे मॉडेल नेमकं कशाचा अंदाज करून राहिलं. २०१९ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये आलेला अमेरिकेचा प्रकार या धंद्यातल्या प्रत्येकानं पाठ करावा असा आहे. तिथल्या हॉस्पिटलांत जास्त काळजीची गरज असलेले पेशंट शोधायला एक अल्गोरिदम होता, आणि आजारपण मोजायचं म्हणून त्यानं मोजला उपचारावर झालेला खर्च. काळ्या लोकांवर तेवढ्याच आजारासाठी खर्च कमी होत होता, म्हणून मॉडेलला ते "बरे" दिसले. खर्चाऐवजी खरा आजार धरला असता तर जास्तीच्या मदतीसाठी निवडलेल्यांत काळ्या पेशंटचा वाटा १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेला असता. आता आपल्याकडे कोणी विम्याच्या क्लेमच्या डेटावर असंच मॉडेल बनवलं तर मेळघाट किंवा गडचिरोलीतला जो माणूस दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही तो कागदावर सगळ्यात निरोगी ठरेल. क्लेम नाही म्हणजे आजार नाही असं मशीन समजते. हे मी कुठल्याही मीटिंगमध्ये सगळ्यात आधी विचारतो, "हो" आणि "नाही" हे खूण कोणी केलं आणि कशावरून केलं.

लोनमध्ये हीच अडचण तुमच्या बाबांच्या बाबतीत आहे. गाडीच्या कर्जाला हप्ता दर महिन्याला आणि ९० दिवस थकला की वाईट. पण संत्र्याचा पैसा महिन्याला येतच नाही, आंबिया बहाराचा माल निघाला की येतो, मृग बहार घेतला असेल तर उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो, आणि मधले महिने कोरडे. पीककर्जाला रिझर्व्ह बँकेनं हे ओळखून नियमच वेगळा ठेवला आहे, तिथं थकबाकी हंगामात मोजतात, कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम आणि लांब मुदतीच्या पिकाला एक हंगाम. म्हणजे एकच माणूस, तेवढीच कमाई, तेवढीच नियत, पण एका नियमात तो नियमित आणि दुसऱ्यात डिफॉल्टर. दर एक तारखेला पगार जमा होणाऱ्या शहरी माणसांवर शिकलेल्या मॉडेलला बागायतदाराचं पासबुक नेहमी डळमळीतच दिसणार. आणि ज्यानं कधी कर्जच घेतलं नाही त्याचा तर स्कोअरच उणे एक येतो, म्हणजे फक्त माहिती नाही, पण काउंटरवर त्याचा अर्थ "नको" असा लावला जातो. गावातल्या कितीतरी बायकांचं असंच होते, घर त्या चालवतात आणि कागद सगळे नवऱ्याच्या नावावर.

काळ बदलला की मॉडेल शिळं होते हेही आहे, मार्च ते ऑगस्ट २०२० च्या मोरेटोरियममध्ये, म्हणजे हप्ते पुढे ढकलायच्या सवलतीत, हप्ता न भरताही खातं रेग्युलर दिसत होतं, त्या काळातला डेटा जपूनच वापरावा लागतो. आणि एका जागी चाललेलं मॉडेल दुसरीकडे चालेलच असं नाही, अमेरिकेत एपिक या हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअर कंपनीचं सेप्सिस (जंतुसंसर्गामुळं शरीरभर होणारा जीवघेणा बिघाड) ओळखणारं मॉडेल शेकडो हॉस्पिटलांत लागलं होतं, २०२१ मध्ये मिशिगन विद्यापीठानं स्वतःच्या पेशंटवर तपासलं तर सेप्सिसच्या दर तीनमधले दोन त्यानं पकडलेच नाहीत.

एक शेवटची गडबड सांगतो मग करायचं काय ते सांगतो. मॉडेल अंदाज करते, कारण सांगत नाही. क्यूरिस्कमध्ये "बीपीची गोळी चालू आहे का" असा प्रश्न आहे, हो म्हटलं की धोका वाढतो. लोक घरी बसून ती टिक काढून बघतात, आकडा खाली येतो, आणि गोळीच बंद करतात. अरे बापा, गोळी घेणाऱ्यांचा धोका जास्त आहे कारण त्यांना बीपी आहे, गोळीमुळं नाही. कॅल्क्युलेटरमध्ये एक खाना बदलून आकडा कमी झाला म्हणजे शरीरातला धोका कमी झाला असं धरू नका.

आता तुमचं काम. डॉक्टरांना विचारा कुठलं कॅल्क्युलेटर वापरलं, भारतीय किंवा दक्षिण आशियाई लोकांचा हिशेब त्यात धरलेला आहे का, आपल्या लोकांना हार्टचा त्रास पाश्चात्त्यांपेक्षा कमी वयात होतो आणि नुसतं फ्रेमिंगहॅम वापरलं तर गफलत होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये जगाचे २१ भाग करून तक्ते सुधारले आहेत, त्यात दक्षिण आशिया वेगळा आहे. खर्रा, घरातला इतिहास, सिकलसेल, हे तिन्ही सांगा. मग आकडा बाजूला ठेवा आणि बीपी, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आणि तंबाखू यातलं आज काय बदलता येईल ते ठरवा, १८ असो की २४, करायचं तेच आहे.

लोनसाठी, देशात चार क्रेडिट ब्युरो म्हणजे लोकांच्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या आहेत, सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, वर्षातून एकदा प्रत्येकाकडून पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, चारही काढा. चूक दिसली तर तक्रार टाका, ३० दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढं दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. नाकारल्याचं कारण लेखी मागा. आणि नुसत्या ऑनलाइन अर्जावर न थांबता सातबारा, दोनतीन हंगामांच्या अडत्याच्या पट्ट्या आणि पासबुक घेऊन अशा बँकेत जा जिथं शेतीचा अधिकारी बसतो, आणि हप्ता महिन्याऐवजी सहामाही मिळतो का ते स्पष्ट विचारा, कारण मॉडेलला जे दिसत नाही ते माणसाला कागदावर दाखवता येते. रिपोर्ट आला की बाबा कोणाच्या कर्जाला जामीनदार आहेत का ती ओळ आधी बघा, चुलतभावाच्या ट्रॅक्टरला दहा वर्षांपूर्वी केलेली सही बरेचदा तिथं निघते, आणि तसं असेल तर ते खातं आधी मिटवायला लावा, मग नवीन अर्ज करा.